आठव्या आठवड्यात थांबलेले ठोके : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ न टिकण्याविषयी फोंडा, डिचोली, पेडणे आणि वेर्णा येथून आलेली चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. ओळख पटेल असा तपशील वगळला असून पत्रे संक्षिप्त केली आहेत. चारही पत्रांत एक प्रश्न कुठे उघडपणे, तर कुठे आडून विचारलेला आहे : हे कोणाच्या चुकीने झाले? त्याचे उत्तर पहिल्याच पत्राच्या निमित्ताने सविस्तर देत आहे, कारण ते केवळ त्या भगिनीने नव्हे, तर तिच्या घरातल्या सर्वांनी वाचावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझे वय २९ आहे आणि पाळी नियमित आहे. पहिल्यांदाच दिवस गेले होते. नऊ आठवडे पूर्ण झाल्यावर सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भाची वाढ सात आठवडे दोन दिवसांइतकीच असून ठोके नाहीत असे सांगण्यात आले. त्याआधी पोटात दुखले नव्हते की डागही पडला नव्हता. मी रोज स्कूटरने पणजीला कामाला जाते. तपासणीच्या आधीच्या रविवारी एका नातेवाइकांकडे कच्च्या पपईची भाजी खाल्ली होती. स्कूटर आणि पपई यांमुळेच पोट पडले असे सासूबाई म्हणतात आणि माझ्या आईलाही तसेच वाटते. मला रात्र रात्र झोप लागत नाही. खरोखरच हे माझ्यामुळे झाले का?
– वाचक, फोंडा तालुका

उत्तर : नाही, तुमच्यामुळे झालेले नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पाळीच्या तारखेप्रमाणे नऊ आठवडे पूर्ण झाले होते, पण गर्भाची लांबी सात आठवडे दोन दिवसांची होती. याचा अर्थ, वाढ सोनोग्राफीच्या साधारण बारा दिवस आधीच थांबली होती. ज्या रविवारी तुम्ही ती भाजी खाल्लीत, त्या रविवारी ठोके सुरू नव्हते. जे आधीच घडून गेले होते, ते नंतर खाल्लेल्या पदार्थाने घडवले असे म्हणता येणार नाही. ही तारखांची साधी वजाबाकी सासूबाईंना आणि आईला कागदावर मांडून दाखवावी.

पपईविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि म्हणून गरोदरपणात कच्ची पपई टाळावी असे सांगितले जाते. तो सल्ला पाळायला माझी काहीच हरकत नाही. पिकलेल्या पपईबाबत मात्र असा पुरावा नाही. शिवाय गर्भाशय आकुंचन पावल्याने गर्भ बाहेर पडत असेल, तर आधी कळा येतील आणि रक्त जाईल. ठोके गुपचूप थांबून दोन आठवडे काहीच लक्षण न दिसणे, हे त्या प्रकारात बसत नाही. स्कूटरचेही तसेच आहे. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत सुरक्षित बसलेले असते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाण्याने, जिना चढल्याने, घागर उचलल्याने किंवा पतिपत्नीच्या संबंधाने सुदृढ गर्भ निसटत नाही. तसे होत असते, तर भातशेतीत लावणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या आपल्या आज्यांची मुले जन्मालाच आली नसती.

मग कारण काय? सोनोग्राफीत दिसलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० अशा आपोआप संपतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य, म्हणजे सुमारे ८० टक्के, पहिल्या १२ आठवड्यांतच. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक गर्भांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. आईच्या बीजातून २३ आणि वडिलांच्या शुक्राणूतून २३ अशी ४६ गुणसूत्रे एकत्र यावी लागतात. बीज परिपक्व होताना ही वाटणी चुकली, तर गर्भाला एखादे गुणसूत्र जास्तीचे किंवा कमी मिळते. १६ व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत मिळणे हा अशा गर्भपातांत वारंवार आढळणारा प्रकार आहे, आणि असा गर्भ काही आठवडे वाढून थांबतो, कारण पुढची रचना त्याला करताच येत नाही. ही चूक गर्भ राहण्याच्या क्षणीच झालेली असते. तेव्हा पाळी चुकलेलीही नसते आणि स्त्रीला आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. त्यानंतरच्या सहा-सात आठवड्यांत तिने काय खाल्ले, किती विश्रांती घेतली, कोणते वाहन चालवले, यांपैकी कशानेही तो हिशेब दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

वयाचा संबंध याच कारणामुळे आहे. स्त्रीची बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि तिच्याबरोबर त्यांचेही वय वाढत जाते. तिशीच्या आत दहातील सुमारे एक गर्भधारणा अशी संपते; चाळिशीनंतर हे प्रमाण तिनातील एक किंवा त्याहूनही जास्त होते. पुरुषाचे वाढलेले वयही धोका थोडा वाढवते, हे आपल्याकडे बोलले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

धोका खरोखर वाढवणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्या लपवणे योग्य होणार नाही : ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा न ओळखलेला विकार, धूम्रपान आणि तंबाखू, मद्य, मलेरियासारखा तीव्र ताप, आणि काही औषधे, उदाहरणार्थ मुरुमांसाठी घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. उन्हाळ्यात घरगुती कार्यात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, सहज पुढे केले जाते. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ते घेऊ नये. पण तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. तुम्ही २९ वर्षांच्या आहात, हा पहिलाच प्रसंग आहे, आणि अशा स्थितीतील बहुतेक स्त्रियांची पुढची गर्भधारणा कोणत्याही विशेष उपचाराशिवाय पूर्ण होते.

झोपेविषयी मात्र स्वतंत्रपणे सांगायचे आहे. लंडन आणि बेल्जियममधील रुग्णालयांत सहाशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांना एका महिन्यानंतर आणि १८ टक्क्यांना नऊ महिन्यांनंतरही तीव्र मानसिक आघाताची लक्षणे होती : तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, दवाखान्याची वाट टाळणे. ‘अजून दीड-दोन महिन्यांचेच तर होते’ असे म्हणून हे दुःख लहान करता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत झोप परत आली नाही, तर बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे, किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला सात आठवडे होऊन गेले आहेत. तिची पाळी पूर्वीपासून मागे-पुढे होते. सोनोग्राफीत गर्भ ४ मिलिमीटरचा असून ठोके दिसत नाहीत असा अहवाल आला. एका दवाखान्यात लगेच पिशवी धुऊन घ्या, नाहीतर विष पसरेल, असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी आठ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करू असे सांगितले. आम्ही कोणाचे ऐकावे? उगाच थांबण्यात धोका नाही ना? आणि मी तिच्यासमोर या विषयावर बोलावे की नको, तेही कळत नाही.
– वाचक, डिचोली

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे ऐकावे. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसतील, किंवा गर्भाभोवतीच्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भच दिसत नसेल, तरच एका तपासणीवरून गर्भ गेला असे निश्चित म्हणता येते. पूर्वी ५ मिलिमीटरची मर्यादा धरली जात असे. त्या मापाने एखादा जिवंत गर्भही मृत ठरू शकतो, असे २०११ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत दिसून आल्यानंतर निकष कडक करण्यात आले. तुमच्या पत्नीचा गर्भ ४ मिलिमीटरचा आहे. पाळी अनियमित असल्याने बीज उशिरा फुटले असेल आणि प्रत्यक्षात सहाच आठवडे झाले असतील, तर ठोके अजून दिसायचे असतील. किमान ७ दिवसांनी, गरज पडल्यास १४ दिवसांनी, पुन्हा पाहिल्यावर चित्र स्पष्ट होईल. गर्भ वाढला असेल, तर आनंदच आहे; वाढला नसेल, तर शंका न उरता निर्णय घेता येईल. ज्या जोडप्यांनी घाईने पिशवी धुऊन घेतली, त्यांच्या मनात ‘तेव्हा ठोके येणार होते का’ हा प्रश्न वर्षानुवर्षे राहिलेला मी पाहिला आहे. तेव्हा हे आठ दिवस वाया जात नाहीत.

विष पसरण्याची भीती अनाठायी आहे. ताप नाही, दुर्गंधीयुक्त स्राव नाही, फार रक्त जात नाही, अशा स्थितीत एक-दोन आठवडे थांबल्याने शरीराला अपाय होत नाही. मात्र या काळात काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. पोटाच्या एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे ही गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिल्याची लक्षणे असू शकतात. दर १०० गर्भधारणांपैकी एक-दोन अशा असतात आणि नलिका फुटली तर जीवावर बेतते. तुमच्या पत्नीच्या अहवालात गर्भ गर्भाशयातच असल्याचे लिहिले आहे का, हे आजच पाहून घ्यावे. तसेच लागोपाठ दोन तास तासाला दोन पॅड पूर्ण भिजतील इतके रक्त गेले, किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.

दुसऱ्या तपासणीतही ठोके नसल्याचे निश्चित झाले, तर पुढे तीन मार्ग असतात, आणि प्रकृती स्थिर असेल तर निवड मुख्यतः तुमच्या पत्नीची असावी. पहिला मार्ग वाट पाहण्याचा : रक्तस्राव आधीच सुरू झाला असेल, तर बहुतेकींचे शरीर दोन आठवड्यांत हे काम स्वतःच पूर्ण करते, काहीच सुरू नसेल, तर जास्त वेळ लागतो आणि यशाचे प्रमाणही कमी असते. दुसरा मार्ग गोळ्यांचा. मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावून आतला भाग बाहेर पडतो. त्याच्या एक दिवस आधी मिफेप्रिस्टोन दिले, तर पहिल्याच मात्रेत काम होण्याचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर जाते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत आढळले. या मार्गात काही तास पाळीपेक्षा पुष्कळ जास्त कळा आणि रक्तस्राव होतो, याची कल्पना आधी दिलेली असावी, वेदनाशामक घरात असावे आणि सोबतीला कोणीतरी जाणते माणूस असावे. सोनोग्राफी न करता औषधांच्या दुकानातून या गोळ्या आणून घेणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण गर्भ नलिकेत असेल तर त्या निरुपयोगी ठरतात आणि मौल्यवान वेळ जातो.

तिसरा मार्ग म्हणजे लोक ज्याला पिशवी धुणे किंवा क्युरेटिंग म्हणतात तो. तो एका दिवसात आणि जवळजवळ खात्रीने पूर्ण होतो. ज्यांना वाट पाहणे सहन होत नाही, त्यांनी तो निवडला तर त्यात काही चूक नाही. मात्र धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी निर्वात नळीने शोषून घेण्याची पद्धत वापरणार का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेचाही तसाच आग्रह आहे, कारण खरवडण्याने अस्तराला इजा होऊन गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटण्याची भीती राहते. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवण्याचाही आग्रह धरावा, त्याने द्राक्षगर्भासारखा (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी गाठ वाढण्याचा) विरळ आजार नजरेतून सुटत नाही.

पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह आहे का, हे पहावे. असल्यास पुढच्या गर्भाला रक्तगटाच्या विसंगतीचा त्रास होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचे असते. बारा आठवड्यांपूर्वीच्या प्रत्येक प्रसंगी ते लागते का याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण शस्त्रक्रिया झाली असेल तर आपल्याकडे ते सहसा दिले जाते. आपल्या डॉक्टरांकडून निर्णय करून घ्यावा.

आणि हो, तिच्यासमोर अवश्य बोलावे. तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्हाला काही वाटत नाही असा अर्थ ती काढेल. तुम्हालाही वाईट वाटते आहे, एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ‘पुन्हा होईल’ हे वाक्य मात्र पहिल्या काही आठवड्यांत नातेवाइकांनाही बोलू देऊ नये.

प्रश्न : माझ्या सुनेची दोन बाळंतपणे दोन-अडीच महिन्यांतच फुकट गेली. आम्ही देवळात गाऱ्हाणे घातले, कौल घेतला. एका प्रयोगशाळेतून टॉर्च नावाची महागडी तपासणीही करून झाली. त्यात काहीतरी पॉझिटिव्ह आले म्हणून औषधे चालू आहेत. आता पुढच्या वेळी तिला नऊ महिने अंथरुणावरच ठेवावे असे ठरवले आहे. किती महिने थांबावे आणि कोणती इंजेक्शने घ्यावीत?
– वाचक, पेडणे तालुका

उत्तर : सुनेसाठी तुम्ही स्वतः पत्र लिहिलेत, हे मला फार मोलाचे वाटते. सर्वांत आधी अंथरुणाचा विचार सोडून द्यावा. पूर्ण विश्रांतीने गर्भपात टळतो असे कोणत्याही अभ्यासात दिसलेले नाही. उलट पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि दिवसभर छताकडे पाहत पडलेल्या स्त्रीच्या मनात भीतीशिवाय दुसरे काही येत नाही.

टॉर्च तपासणीचा, म्हणजे काही ठरावीक संसर्गांसाठीच्या रक्ततपासणीचा, दोन वेळा गर्भपात होण्याशी काहीही उपयुक्त संबंध नाही. त्यातील ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला, एवढाच अर्थ. आपल्यापैकी कित्येकांचा तो पॉझिटिव्ह येईल. त्यासाठी चालू असलेली औषधे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून गरज नसल्यास बंद करावीत.

दोन गर्भपातांनंतर ज्या तपासण्या करणे योग्य आहे, त्या मोजक्याच आहेत. रक्तात गुठळ्या करणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आहेत का हे पाहावे लागते, आणि ती आढळली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी लागते, कारण एखाद्या तापानंतरही ती तात्पुरती वाढतात. थायरॉइड आणि साखर तपासावी. गर्भाशयात जन्मजात पडदा आहे का, हे त्रिमितीय सोनोग्राफीत दिसते. दुर्दैवाने पुन्हा तसेच घडले, तर त्या गर्भाच्या ऊतीची गुणसूत्रे तपासता येतात, आणि माझ्या मते ती तपासणी इतर अनेक तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. अँटिफॉस्फोलिपिडचा विकार निश्चित झाला, तर कमी मात्रेतील अॅस्पिरिन आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने यांचा खरोखर उपयोग होतो. तो विकार नसताना, केवळ भीतीपोटी, रोज पोटात हेपॅरिन टोचून घेण्यात अर्थ नाही. गर्भ टिकण्यास मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाबाबत उत्तर मधले आहे : आधी गर्भपात झालेला आहे आणि या गरोदरपणात डाग पडू लागले आहेत, अशा स्त्रियांना त्याचा काहीसा लाभ होतो असे ब्रिटनमधील २०१९ च्या मोठ्या चाचणीवरून दिसते, सरसकट प्रत्येकीला होतो असे नाही. सर्व तपासण्यांनंतरही सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. ते न सापडणे हे वाईट लक्षण नाही. त्यांतील बहुतेकींना पुढे मूल होते.

किती थांबावे? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सहा महिने सांगितले होते, पण नंतरच्या अभ्यासांत सहा महिन्यांच्या आत राहिलेले गर्भ त्याहून वाईट ठरले नाहीत. एक पाळी येऊन जावी, तपासण्या पूर्ण व्हाव्यात आणि सुनेचे मन तयार असावे, एवढे पुरे. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतही बीज फुटू शकते, म्हणून तोपर्यंत काळजी घ्यावी. फॉलिक अॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आतापासूनच सुरू करावी. तिचा मुख्य उपयोग बाळाच्या पाठीच्या कण्यातील व्यंग टाळण्यासाठी आहे.

देवापुढे गाऱ्हाणे घालण्याने घराला धीर येत असेल, तर ते अवश्य घालावे. फक्त कौलात कोणाचा दोष निघाला, तर तो सुनेच्या अंगावर येऊ देऊ नये, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस त्यासाठी पुढे ढकलू नये. मुलालाही तपासणीला बरोबर पाठवावे.

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करते. दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. दोन दिवसांत कामावर या, नाहीतर पगार कापू, असे सांगण्यात आले. मूल झाले नाही म्हणजे प्रसूतीची रजा मिळत नाही, हे खरे का?
– वाचक, वेर्णा

उत्तर : खरे नाही. गर्भपात झालेल्या कामगार स्त्रीला त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा मिळण्याचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो कायम ठेवला आहे. या सहा आठवड्यांत मालकाने तिला कामावर लावणेच कायद्याला मान्य नाही. गर्भपातामुळे आजारपण आले, तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळते. तुमचा राज्य विमा म्हणजे ईएसआय कापला जात असेल, तर अटी पूर्ण झाल्यास ४२ दिवसांचा लाभ तिथून मिळतो. रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. डॉक्टरांच्या दाखल्यावर गर्भपाताची तारीख आणि गर्भाचे आठवडे स्पष्ट लिहून घ्यावेत, कारण रजेचे दिवस त्याच तारखेपासून मोजले जातात; सोनोग्राफीचा अहवाल आणि रुग्णालयातून सोडतानाचा कागद यांच्या प्रती अर्जाला जोडून मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत.